आठवी कॅसेट

राग आला की रेगेकाकांचं मराठी बंद व्हायचं. मग ऑफिसातली ती गुळगुळीत, कमरेत वाकणारी जपानी सुरू व्हायची आणि समोरच्याला कळायचं की आता आपलं काही खरं नाही. चार वर्षांत त्यांनी माझ्यावर ही जपानी एकदाच काढली. ती हकिगत पुढे येईलच. चूक माझी होती आणि ती झाकून ठेवायचा माझा विचार नाही.

आमचा स्टुडिओ कावासाकी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. गोल खोली, हिरवी जमीन आणि भिंतीवर चाळीस व्हिडिओ कॅमेरे, सगळे आत तोंड करून बसलेले. मधे कुणी नाचलं, उडी मारली, की चाळीस बाजूंच्या चित्रणातून संगणक त्या माणसाची हालतीचालती त्रिमिती आकृती उभी करतो. मग तिच्याभोवती वाटेल तसं फिरा, मागून बघा, टाळूवरून बघा. पुण्यात हेच शिकून, दोन शोधनिबंध खिशात घालून मी इथे आले, तेव्हा आपण म्हणजे कोण असं मला वाटत होतं. पहिल्याच सकाळी त्या हिरव्या जमिनीवर साठीतला एक बारीक माणूस पांढरे मोजे घालून, हातात काळ्या-पांढऱ्या चौकटींची मोठी पाटी धरून अगदी सावकाश फिरताना दिसला. कुठे गुडघ्यावर बसायचा, कुठे पाटी डोक्यावर धरायचा, मनात काहीतरी मोजायचा आणि पुढे सरकायचा.

"पुण्याच्या का?" त्यांनी पाटीमागूनच विचारलं.

"हो. कसं ओळखलंत?"

"नमस्कार न करता चूक शोधत उभ्या आहात. या, धरा ही पाटी."

पाटीचं काम साधं असतं. चाळीस कॅमेरे नेमके कुठे टांगलेत आणि कुठे बघताहेत, हे संगणकाला आधी कळावं लागतं. पाटीच्या चौकटी बघून तो ते ताडतो. आम्ही तरुण मंडळी पाच मिनिटांत पाटी फिरवून मोकळी व्हायचो. रेगेकाका अर्धा तास घ्यायचे, आणि त्यांनी पाटी फिरवली त्या दिवशी आकृत्यांची बोटं तुटत नसत. लोक नाचणाऱ्याकडे बघतात, ते म्हणत, आपण बघणाऱ्याकडे बघायचं. बघणारा कुठे उभा आहे ते कळलं की बाकीचं आपोआप जागेवर येतं.

त्यांचं दुसरं पालुपद होतं, "दुसरा कॅमेरा कुठाय?" आमच्या धंद्यात एकाच कॅमेऱ्याला दिसलेली गोष्ट सपाट राहते. निदान दोघांनी दोन बाजूंनी पाहिली, तरच ती उभी राहते. हे त्यांनी सगळ्या जगाला लावलं होतं. एकदा मी तणतणत आले. हिगाशी-कसाईतल्या आमच्या बिल्डिंगच्या काकूंनी कचरा नीट वेगळा केला नाही म्हणून आमची पिशवी लाल चिकटपट्टी लावून परत दारात ठेवली होती आणि सगळा दोष अर्थातच माझ्या नवऱ्याचा, निखिलचा होता. माझं सगळं ऐकून घेऊन काका म्हणाले, "दुसरा कॅमेरा कुठाय?" मी तावातावाने निखिलला फोन लावून स्पीकरवर टाकला. निखिल शांतपणे म्हणाला, "प्राची, कुकरची शिट्टी प्लास्टिकच्या पिशवीत तू टाकलीस." काका जेवण संपेपर्यंत नुसते ओनिगिरी चावत राहिले.

ही ओनिगिरी त्यांची स्वतःची असे. भाताचा त्रिकोण, वर समुद्री शेवाळाची पट्टी, आणि आत मेतकूट. "मिचिकोचा शोध," ते सांगत. मिचिको ही त्यांची बायको. सांगलीहून क्योतोला पीएच.डी. करायला आलेल्या या माणसाने ती अर्ध्यात सोडली, मिचिकोशी लग्न केलं आणि कावासाकीला संसार थाटला. काका घरात मराठीच बोलायचे, मिचिको जपानीत उत्तर द्यायची आणि दोघांचं झकास चालायचं. मुलगी एमी दहा वर्षांची असताना मिचिको आजाराने गेली. त्याला आता वीसहून जास्त वर्षं झाली.

एमी क्योतोत नोकरी करते. तिचा रोज जेवणाच्या सुट्टीत फोन यायचा. काका मराठीत विचारायचे, ती जपानीत सांगायची, आईचीच सवय. आमच्या टेबलावर तो फोन स्पीकरवर असे, त्यामुळे मी तिला भेटायच्या आधीपासून ओळखत होते. एका दुपारी ती म्हणाली, "बाबा, आईचा आवाज मला पाठ आहे. कॅसेटमध्ये आहे ना सगळीकडे. ती चालायची कशी, ते मात्र मला आठवत नाही."

"असं कसं? ती अशी..." काका म्हणाले, आणि थांबले. ओनिगिरी खाली ठेवली. त्यांनाही आठवत नव्हतं.

घरात चाळीसेक कॅसेट होत्या. एमीची पहिली पावलं, देवळातली जत्रा, समुद्र, सगळं होतं. पण कॅमेरा कायम मिचिकोच्या हातात. काकांना बिचाऱ्यांना तेव्हा बटणंही कळायची नाहीत, हे ते स्वतःच सांगायचे. त्यामुळे चाळीस कॅसेटभर तिचं बोलणं आहे, हसणं आहे, काकांना "अविनाश, बाजूला सरक" म्हणणं आहे, आणि ती मात्र कुठेच नाही. फोटो होते, पण फोटो हालत नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांना सगळ्या बाजूंनी उभं करणाऱ्या या माणसाकडे स्वतःच्या बायकोचं हालतं असं सेकंदभरही काही नव्हतं. तिला एकदा चालताना बघायचं, एमीला दाखवायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात बसलं.

"उंदोकाई," दुसऱ्या दिवशी पाटी पुसता पुसता ते म्हणाले.

उंदोकाई म्हणजे शाळेतला खेळांचा दिवस. त्या दिवशी मैदानाभोवती दोरी बांधतात आणि दोरीमागे सगळे आईबाप कॅमेरे घेऊन उभे असतात. एमी तिसरीत असताना वडिलांची शर्यत झाली होती. काका त्यात धावले आणि शेवटच्या वळणावर सपशेल आपटले. म्हणजे त्या दिवशी त्यांच्याकडे रोखलेले कॅमेरे पुष्कळ होते. कुणाच्या ना कुणाच्या कॅसेटमध्ये, मागे कुठेतरी, दोरीपाशी उभी असलेली मिचिको आली असणार. दोन कॅसेटमध्ये आली तरी पुरे.

मग त्यांचे रविवार त्यात जाऊ लागले. हातात मिठाईचा खोका घेऊन हा माणूस एमीच्या जुन्या वर्गमित्रांच्या दारोदार फिरला. बावीस वर्षांनी दारात येऊन, वाकून, "तुमच्या घरी त्या वर्षीच्या उंदोकाईची कॅसेट आहे का?" असं विचारायचं म्हणजे काय, तुम्हीच विचार करा. निम्मी घरं उठून गेली होती, काही कॅसेटना बुरशी लागली होती. एका घरातल्या आजींनी कॅसेट दिलीच, वर काका धावताना पडलेले आठवत असल्याचं सांगून पोटभर हसून घेतलं. अशा सात मिळाल्या. आठवी मिचिकोची स्वतःची. असल्या कॅसेट चालवणारं जुनं यंत्र मी निखिलच्या मागे लागून पैदा केलं. तेवढाच माझा हातभार.

आठही कॅसेट एका वेळेवर आणणं सोपं गेलं: शर्यत सुरू करणाऱ्या पिस्तुलाचा बार सगळ्यांत ऐकू येत होता. अवघड होतं ते माप. नुसत्या चित्रांवरून आकार कळतो, मोठेपणा कळत नाही. मैदान खरं आहे की काड्यापेटीएवढं, हे संगणकाला कुणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी एका दुपारी आम्ही दोघं त्या शाळेत गेलो. मुलांनी लोंबकळायचे लोखंडी दांडे तेच होते, तिथेच होते. काका टेप लावून दांड्यांची उंची घेऊ लागले तसा शाळेचा शिपाई धावत आला. दोन परदेशी माणसं शाळेत शिरून मोजमापं घेताहेत म्हटल्यावर तो तरी काय करणार! त्याने कडक आवाजात विचारलं, काय चाललंय?

"माझी बायको केवढी होती, ते मोजतोय," काका म्हणाले.

 शिपायाने खाली वाकून टेपचं दुसरं टोक धरलं. आम्ही सगळे दांडे मोजले, वर त्याने आपणहून झेंड्याचा खांबही मोजायला लावला.

इतकं सगळं होऊन निघालं काय? वळणावर पडणारे काका निघाले. पाच कॅसेटनी ते पाहिलं होतं, त्यामुळे बेचाळीस-त्रेचाळीसचे रेगे, केसांसकट, अगदी झकास आडवे झालेले आम्ही सगळ्या बाजूंनी पाहिले. पण पडल्याच्या पुढच्याच क्षणी सातही कॅमेरे वळले. सातही बायकांचे नवरे पुढे धावत होते ना! प्रत्येकीचा कॅमेरा आपापल्या नवऱ्यामागे गेला. मिचिको फक्त एका कॅसेटच्या कडेला, पाठमोरी, सेकंदभर दिसत होती. टोपी आणि अर्धा खांदा.

"दुसरा कॅमेरा नाही," काका म्हणाले. एवढंच. पण त्या आठवड्यात त्यांनी पाटी पाच मिनिटांत फिरवून ठेवली, आणि मला ते बघवेना.

इथे माझी चूक. आजकाल असे प्रोग्रॅम आहेत की चार फोटो द्या, थोडं चित्रण द्या, उरलेलं तो अंदाजाने भरून माणूस उभा करतो, चालवतो. मी काकांच्या घरचे फोटो एमीकडून मागवले, कशाला ते तिलाही सांगितलं नाही. एका दुपारी त्यांना खुर्चीवर बसवून, मोठ्या हौसेने पडद्यावर मिचिकोला चालवलं. टोपी बरोबर, फ्रॉक बरोबर, चेहरा फोटोतलाच. ती आमच्याकडे चालत आली आणि छान हसली.

काकांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. मग उठून, नीट वाकून, जपानीत म्हणाले, "प्राची-सान, आपण फार कष्ट घेतलेत. या बाई कोण आहेत, ते मला माहीत नाही."

चार दिवस मराठी बंद. जेवायलाही ते खाली कोंबिनीसमोरच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानासमोरच्या, बाकावर जाऊन बसायचे. मला आधी रागच आला. इतकं केलं त्याचं हे फळ, असं निखिलला ऐकवूनही झालं. चौथ्या दिवशी मी तो चालण्याचा तुकडा परत लावला आणि मला दिसलं ते. ती बाई कुठल्याही बाईसारखी चालत होती. मी एका माणसाला त्याच्या बायकोच्या जागी भलतीच बाई आणून दाखवली होती, आणि वर कौतुकाची वाट बघत बसले होते. मला इतकी शरम क्वचितच वाटली असेल. मी तो तुकडा पुसून टाकला, बाकावर जाऊन त्यांच्याशेजारी बसले आणि सरळ म्हटलं, "चुकले, काका."

 डब्यातली एक मेतकुटाची ओनिगिरी त्यांनी माझ्या हातात ठेवली. मग म्हणाले, "ते माझं आपटलेलं तेवढं एमीला पाठव. हसेल तरी."

ते पाठवायला म्हणून मी दुपारी मैदानाचं सगळं दृश्य पडद्यावर काढलं. आमच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कॅमेऱ्याची जागा दाखवायला एक छोटा तारेचा पिरॅमिड येतो. मैदानाभोवती असे आठ पिरॅमिड उभे होते. ते मधे मधे येतात म्हणून मी नेहमी लपवते. तसे लपवायला गेले.

"थांब," काका मागून म्हणाले. "ही आठवी ना?"

दोरीपाशी एक पिरॅमिड होता. जमिनीपासून एक मीटर चाळीस सेंटिमीटरवर, किंचित वर-खाली होत. मिचिकोने कॅमेरा डोळ्याला लावला होता, त्या उंचीवर.

"श्वास घेतेय," काका म्हणाले.

पडद्यावर शर्यत चालली होती. तरुण काका वळणावर आले आणि आपटले. पिरॅमिड गदागदा हलू लागला. "हसतेय! बघ, बघ कशी हसतेय!" आणि मग तो पिरॅमिड एकदम खाली आला, दोरीखालून वाकून गेला आणि मैदानात निघाला.

काकांनी खुर्चीचा हात धरला. "हे कुठून आलं? मी तर कॅसेट इथे कापायला सांगितली होती."

त्यांनी सांगितली होती, खरं आहे. तिथून पुढे कॅसेटमध्ये नुसता धिंगाणा होता: माती, बूट, आभाळ, परत माती. बावीस वर्षं ते हा भाग पुढे पळवत आले होते. बायकोने चालू कॅमेरा हातात लोंबकळत ठेवला, कॅसेट वाया गेली, असं म्हणत आले होते. मी कापायचा कंटाळा केला आणि अख्खी कॅसेट संगणकात घातली. माझा आळस आयुष्यात एवढा एकदाच कामी आला. मातीवर चुन्याच्या फक्कीच्या रेघा होत्या, त्यांच्या आधाराने संगणकाने निम्म्याअधिक जागा ताडल्या होत्या. उरलेल्या तीन आठवडे बसून मी एकेक चित्र बघत हाताने जुळवल्या. जे जुळलं नाही, ते रिकामंच ठेवलं. या वेळी काहीही अंदाजाने भरलं नाही.

अकरा पावलं होती. मिचिको दोरीपासून नवऱ्यापर्यंत अकरा पावलं धावत गेली होती आणि हातातला कॅमेरा प्रत्येक पावलाला वर-खाली झाला होता. डावं पाऊल जरा लांब, उजवं जरा आखूड, आणि दर तिसऱ्या-चौथ्या पावलाला एक बारीकशी उडी. "घाईत असली की ती अशीच..." काका म्हणाले आणि या वेळी त्यांना वाक्य पुरं करायची गरज पडली नाही. ते उठले आणि माझ्यासमोर, मोज्यांवर, तसे चालून दाखवू लागले. डावं लांब, उजवं आखूड. चालता चालता त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

पुढच्या शनिवारी एमी क्योतोहून आली. मॅनेजरची परवानगी काढून आम्ही स्टुडिओ तासभर घेतला. ते मैदान खऱ्या आकारात डोळ्यांसमोर उभं करणारा चष्मा आमच्याकडे असतो. एमीने आधी लावला. पिरॅमिडच्या शेजारून अकरा पावलं चालली, परत मागे गेली, परत चालली. मग चष्मा काढून वडिलांच्या हातात दिला आणि जाऊन समोरच्या दाराशी उभी राहिली. 

मी माझ्या टेबलाशी, भिंतीतल्या काचेमागे होते. चाळीस कॅमेरे तयार होते. काकांनी चष्मा लावायच्या आधी काचेकडे बघून बोट हलवलं. "रेकॉर्ड करू नकोस गं. त्यात मी एकटाच दिसेन."

मी हात मांडीवर ठेवला. काका हिरव्या जमिनीवर चार पावलं गेले, पायाने जागा चाचपली आणि सावकाश, गुडघा सांभाळत, खाली बसले. वळणावर जिथे ते आपटले होते, तिथेच. एक पाय तसाच मुडपलेला. मला त्यांची पाठ दिसत होती, पांढरे मोजे दिसत होते. मी पहिल्यापासून सुरू केलं. पिस्तुलाचा बार झाला असेल, लोक ओरडले असतील. आवाज फक्त त्यांच्या कानात होता. ते मान थोडी वर करून बसले होते. मग त्यांनी उजवा हात उचलला आणि कुणी उठवायला हात पुढे केल्यावर आपण धरायला करतो तसा, वर धरून ठेवला. बराच वेळ.

मी त्यांना पुढे दोन वर्षं रोज भेटत होते, पण रेगेकाका म्हटलं की मला ती पाठ आणि तो हात दिसतो. गेल्या हिवाळ्यात ते क्योतोला एमीकडे असताना गेले. सकाळी पाटी आता मीच फिरवते, अर्धा तास लावते. आमच्या स्टुडिओत शेकडो माणसांच्या आकृत्या आहेत, ज्यांची नावंही मला आठवत नाहीत. रेगेकाकांची एकही नाही. बटण माझ्या हाताखाली होतं. ते दाबलं नाही याचं मला रोज वाईट वाटतं, आणि परत तशी वेळ आली तरी मी दाबणार नाही, हेही मला माहीत आहे.

परवा जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. बरोबर त्याच वेळी. एमी होती. इकडचं तिकडचं झालं, सगळं जपानीत. मग ती हळूहळू, एकेक शब्द शोधत, मराठीत म्हणाली, "ताई, त्या दिवशी बाबांनी कुठला हात वर केला? मी तोंडाकडेच बघत होते."

"उजवा," मी म्हटलं. "कोपर जरा वाकवून. माझ्याकडे पाठ होती, मला चेहरा नाही दिसला. तू सांग."

"हसत होते. आणि बोलले."

माझ्याकडचे माइक बंद होते. ते बोलल्याचं मला आजवर ठाऊकच नव्हतं.

"काय बोलले गं?"

"'आलीस?' म्हणाले."